उन्हाळ्यातली झोप आणि घराचा कठडा

(निमोणे, ता. शिरूर येथे हितचिंतकांच्या उन्हाळी सहभागितेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सकाळी आपण पुण्याहून, नगरहून गाड्या करून इथं आलात. शिरूर मागं पडलं, घोड नदीचा पट्टा लागला आणि निमोण्यात उतरल्याबरोबर बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "काय हा उकाडा!" वस्तीवरच्या बायांनी ते ऐकलं आणि त्या हसल्या. त्यांच्या दृष्टीनं आज सकाळची हवा बरी होती. एकच ऊन, एकच वारा, पण एकाला असह्य वाटतं आणि दुसऱ्याला बरं. आज मी याच विषयावर बोलणार आहे. विषय साधा आहे: उन्हाळ्यातली झोप. प्रवचन नाही, साक्ष आहे, आणि तीही माझ्या चुकीची.

पंधरा वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहात काम करत होते. थिऑलॉजीचा डिप्लोमा नुकताच पूर्ण झाला होता, अंगात उत्साह होता. या भागातल्या एका पारधी वस्तीवरून नऊ वर्षांची एक मुलगी आमच्याकडे आली. आम्ही तिला लोखंडी पलंग दिला, गादी दिली, नवी चादर दिली. वसतिगृहाची इमारत स्लॅबची. रात्री नऊला दार बंद, डास येतात म्हणून खिडक्याही बंद. एप्रिल महिना सुरू झाला आणि ही मुलगी रोज रात्री पलंगावरून उतरून दाराशी, फरशीवर, फटीला तोंड लावून झोपू लागली. मी तिला उठवून परत पलंगावर पाठवायची. एकदा रागावलेही, "एवढी चांगली गादी दिलीय, तर जमिनीवर का लोळतेस?" नोंदवहीत लिहिलं, शिस्त नाही. तिसऱ्या आठवड्यात ती घरी पळून गेली. समितीपुढं मी सांगितलं, "या मुलांना वसतिगृह मानवत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिला परत आणायला मी वस्तीवर गेले. तिची आजी चुलीपाशी बसली होती. तिनं विचारलं, "ताई, पोरगी तुमच्याकडं निजत होती का?" मी म्हटलं, "आजी, जेवण दोन वेळचं होतं, दूध होतं, अभ्यासाला बाई होत्या." आजी म्हणाली, "त्ये न्हाई इचारलं. निजत होती का?"

मला उत्तर देता आलं नाही. तीन आठवडे ते मूल माझ्या डोळ्यांसमोर रात्री जागं होतं आणि ते मला दिसलं नव्हतं. ती मुलगी परत आली नाही. तिची शाळा तिथंच संपली.

त्या रात्री आजीनं मला ठेवून घेतलं. खरं तर शेवटची एसटी चुकली होती. मी पाहिलं ते तुम्हाला सांगते. सूर्य मावळल्यावर एका सुनेनं अंगण झाडून पाण्याचा सडा मारला. ते पाणी वाळता वाळता जमिनीतली ऊब घेऊन गेलं. मग अंथरुणं बाहेर आली. म्हाताऱ्या माणसांना काथ्यानं विणलेली बाज, बाकीच्यांना जमिनीवर वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली ती वाकळ घाम टिपून घेते. बाजेला खालूनही वारा लागतो. आमच्या वसतिगृहातल्या फोमच्या गादीत पाठीची उष्णता अडकून बसायची. मुलं आजीच्या दोन्ही बाजूंना ओळीनं पडली, पण पांघरूण प्रत्येकानं पायाशीच ठेवलं. पहाटे तीनच्या सुमाराला गारवा सुटला तेव्हा सगळ्यांनी ते न उठता ओढून घेतलं. मला जाग आली तेव्हा मी चक्क कुडकुडत होते.

आपल्यापैकी अनेकांनी मला विचारलं आहे, "हे लोक उन्हाळ्यातसुद्धा डोक्यावरून चादर घेऊन कसे झोपतात? गुदमरत नाहीत?" त्यांना मच्छरदाणी परवडत नाही, ती चादर हीच मच्छरदाणी. सुती आणि विरलेली असते, तिच्यातून वारा जातो. कडक उन्हाळ्यात ती ओली करून पिळून घेतात. आपल्या कोरड्या हवेत ओल्या कापडाचा गारवा मिळतो. हीच युक्ती कोकणात चालत नाही, कारण तिथली हवा आधीच दमट, कापड वाळतच नाही. म्हणून रायगडचे आपले कातकरी बांधव वेगळी वाट काढतात. त्यांच्या झोपडीच्या कारवीच्या कुडातून वारा आरपार खेळतो. ज्या हवेत माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्या हवेला साजेशी झोप त्यानं शोधून काढली आहे.

यामागचं शास्त्र अवघड नाही. झोप लागायची तर शरीराला आतली थोडी उष्णता बाहेर टाकावी लागते. रात्रभरात आपलं तापमान साधारण अंशभर उतरतं. ही उष्णता हातापायांच्या कातडीतून, घामातून, वाऱ्यातून बाहेर जाते. ती जायला जागा नसेल तर माणूस कूस बदलत राहतो. आता स्लॅबचं घर पाहा. दिवसभर ऊन पिऊन घेतं आणि रात्री ते परत देत बसतं. रात्री दहा वाजता भिंतीला हात लावा, तवा नुकताच चुलीवरून उतरवल्यासारखी ऊब लागते. पत्रा दुपारी भाजतो, रात्री लवकर निवतो, पण संध्याकाळी निजायच्या वेळेला खोली तापलेलीच असते. शिरूर-दौंडकडची हवा कोरडी, आकाश निरभ्र. जमिनीची उष्णता रात्री सरळ आकाशाकडे निघून जाते. म्हणून इथं दिवस कितीही तापला तरी मध्यरात्रीनंतर अंगण गार होतं. हा गारवा फुकट आहे आणि तो घराबाहेर आहे. नऊ वर्षांच्या त्या मुलीला हे ठाऊक होतं. डिप्लोमा घेतलेल्या मला ठाऊक नव्हतं.

घर आणि हवा यांचं हे नातं आपल्या तालुक्याला नवीन नाही. घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. आधीच्या काळात तिथं चौकोनी, ऐसपैस घरं होती. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडं होत गेलं, शेती खालावली आणि माणसांनी राहणी बदलली, असं अभ्यासकांनी त्याचं कारण मांडलं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या वस्तीवरची पालं आठवली. ज्याला आपण मागासलेपण म्हणतो, तो कधी कधी बदलत्या दिवसांतून निभावून जाण्याचा शहाणपणा असतो.

आता एक प्रश्न. ही सवय रक्तात असते का? आदिवासी माणसाचं शरीर वेगळं असतं का? नाही. डेन्मार्कचे प्राध्यापक फँगर यांनी १९७० च्या सुमारास बंद खोलीत, सारखे कपडे घालून, माणसांना बसवून प्रयोग केले. वेगवेगळ्या देशांच्या माणसांना सुखाचं वाटणारं तापमान जवळपास सारखंच निघालं. पण अभ्यासक प्रयोगशाळेतून बाहेर पडून लोकांच्या घरांत, कचेऱ्यांत गेले, तेव्हा चित्र बदललं. ज्यांना खिडकी उघडता येते, कपडा सैल करता येतो, जागा बदलता येते, ते जास्त उष्म्यातही समाधानी असतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि सिमला या पाच शहरांतल्या कचेऱ्यांमध्ये अशीच पाहणी केली आणि परदेशी मापं आपल्या लोकांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत हे दाखवून दिलं. सारांश असा, शरीर सगळ्यांचं एकाच मातीचं. फरक पडतो तो सवयीनं, कपड्यानं, घरानं, आणि स्वतःच्या निजण्याची जागा स्वतः ठरवता येते की नाही यानं. आम्ही वसतिगृहात त्या मुलीकडून नेमकं हेच काढून घेतलं होतं.

आपल्या पूर्वीच्या मिशनरींची आठवण करा. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. शिरूरमध्ये अमेरिकन मराठी मिशननं एकोणिसाव्या शतकात काम उभं केलं. पण थंड देशातून आलेली ती माणसं उन्हाळ्यात बेजार होत. मदुराईच्या अमेरिकन मिशनरींनी तर १८४५ मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर घरं बांधली, कारण मैदानातल्या उन्हाळ्यात त्यांची माणसं दगावत होती. त्यांना कोणी शिस्त नाही असं म्हटलं नाही. त्यांना गारवा लागतो, हे सगळ्यांनी मान्य केलं. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुणेकरालाही आपण बेशिस्त म्हणत नाही, हसतो आणि चारनंतर जातो. मग वस्तीवरचा माणूस दुपारी झाडाखाली आडवा झाला तरच तो आळशी का? तो पहाटे साडेतीनला ऊसतोडीला गेलेला असतो.

इथं मला दुसरी चूक कबूल करायची आहे. ती पहिलीपेक्षा मोठी आहे. काही वर्षांनी पुण्याच्या एका भगिनीनं वस्तीवर पंखे बसवायला पैसे देऊ केले. वस्तीचं शहाणपण मला कळलं आहे या तोऱ्यात मी त्यांना म्हटलं, "ताई, पंख्यांची गरज नाही, त्यांना उन्हाची सवय असते." ते पैसे मी वह्यापुस्तकांकडे वळवले. त्याच मे महिन्यात तिथली एक बाळंतीण पत्र्याच्या खोलीत, ओल्या बाळाला घेऊन दिवसभर पडून होती. बाळंतिणीनं बाहेर येऊ नये ही रीत. संध्याकाळी ती बरळायला लागली. अंग तापलेलं, घाम बंद. शेजारच्यांनी पाणी मारत, वारा घालत तिला दवाखान्यात नेलं. देवाच्या दयेनं आई आणि बाळ दोघंही वाचली.

बंधुभगिनींनो, "त्यांना सवय असते" हे वाक्य आपण फार सहज बोलतो. सवयीला मर्यादा असते. नव्या उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला आठ-पंधरा दिवस लागतात, आणि उन्हापासून दूर राहिलं की काही आठवड्यांत ती सवय जातेही. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि भान हरपलं की तो उष्माघात. तो पारध्याला होतो, भिल्लाला होतो, पाळकसाहेबांनाही होतो. हवामान खातं तर आता उष्ण रात्रीचीही सूचना देतं. दिवसाचा पारा ४० किंवा वर आणि रात्रीचा नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून अधिक वर राहिला की ती उष्ण रात्र. अशा रात्री अंगणही पुरत नाही. "हे लोक बाहेर झोपतात, यांना रीत नाही," असं म्हणून मी एका मुलीला गमावलं. "यांना सवय आहे," असं म्हणून एका आईला गमावणार होते. दोन्ही वेळा मी विचारायचं सोडून ठरवून मोकळी झाले होते.

बाहेर झोपण्यामागं आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा कळली. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारध्यांसारख्या जमाती त्यात जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेऱ्या द्याव्या लागत, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. पण आजी मला म्हणाली, "ताई, एकाच दाराच्या घरात मला झोप येत न्हाई. कोण येतंय ते दिसलं पायजे." गाढ झोपेला गारवा लागतो, तसाच निर्धास्तपणाही लागतो. आपण बंद दाराला सुरक्षित म्हणतो. ज्याच्या आजोबांना रात्री उठवून मोजलं, त्याला उघडं अंगण सुरक्षित वाटतं.

आणि आता तेही राहिलं नाही. कालवे आले, ऊस आला, उसाबरोबर बिबट्या आला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत माणसं दगावली, लेकरं दगावली. उघड्यावर झोपू नका, असं वनखातं सांगतं, आणि ते खरं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मण्यार निघते आणि जमिनीवर निजलेल्याला झोपेतच चावते. तेव्हा वस्तीपुढं आज असा पेच आहे: आत उकडून जागायचं की बाहेर भीतीनं जागायचं? घरकुल मिळालेली कुटुंबंही शेजारच्या जुन्या छपरात निजतात. मग कोणीतरी म्हणतं, "बघा, घर दिलं तरी राहत नाहीत."

मी उत्तरासाठी पवित्र शास्त्राकडे गेले. आपलं शास्त्र उष्ण देशातलं आहे, हे आपण विसरतो. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात अब्राहाम भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसलेला आहे. पाहुणे दिसताच तो आधी पाय धुवायला पाणी आणि झाडाची सावली देतो, भाकरीची गोष्ट नंतर काढतो. निर्गमच्या २२ व्या अध्यायात देव सांगतो की गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, नाहीतर तो काय घेऊन निजेल? गरिबाच्या झोपेची काळजी देवानं नियमशास्त्रात लिहून ठेवली आहे. आजीचा प्रश्न तोच होता.

आणि अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आठवं वचन आहे. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कोणी पडून तुझ्या घरावर रक्तदोष येणार नाही. त्या देशात लोक धाब्यावर बसत, झोपत. शमुवेलानं शौलाशी धाब्यावरच गोष्टी केल्या. देव असं म्हणत नाही की धाब्यावर चढू नका. वाऱ्याला जा, पण कठडा बांधा, असं तो म्हणतो. माणसाची रीत मोडत नाही, ती सुरक्षित करतो. मी वसतिगृहात दाराला कुलूप लावलं होतं. मला कठडा बांधायला हवा होता.

म्हणून गेल्या वर्षापासून आपण वस्तीवर बसून, आधी बायांना विचारून, काम सुरू केलं. त्यांनी सांगितलं, "खोली नको, पडवी द्या." घरकुलाला लागून जोत्याची उंच पडवी, वर गवताचं छप्पर, तिन्ही बाजूंना मजबूत जाळी आणि दोन दारं. वारा येतो, चांदणं दिसतं, कोण येतंय ते दिसतं, बिबट्या मात्र येत नाही. जमिनीऐवजी बाजा, त्यांवर मच्छरदाणी. पत्र्यांना उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात, म्हणजे ऊन परत फिरतं. प्रत्येक पडवीच्या पश्चिमेला एक कडुनिंब. आणि हो, पंखेही. बाळंतिणीसाठी, तान्ह्या लेकरांसाठी, म्हाताऱ्यांसाठी. त्या भगिनींची मी क्षमा मागितली. त्यांनी पुन्हा पैसे दिले, त्यांचे आभार.

आतापर्यंत दोन पडव्या उभ्या राहिल्या. मोठं काम नाही. पण आपल्याकडे मागणी आहे ती वाट पाहणाऱ्या कुटुंबांची, आणि पुढचा उन्हाळा थांबणार नाही. आपली देणगी येईल तेव्हा ती कुठं लागते ते बघायला या. दिवसा नको, रात्री या. एक रात्र पडवीत निजून पाहा. वसतिगृहं चालवणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, मुलं जेवली का हे जसं विचारता तसं झोपली का हेही विचारा. गच्चीला जाळी करा, खिडक्यांना जाळी करा, बहीणभावंडांच्या वयाच्या मुलांना शेजारी शेजारी अंथरू द्या.

शेवटी एक सांगते. ती नऊ वर्षांची मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. आजी देवाघरी गेली. गेल्या जूनमध्ये मी तिच्या थोरलीला शाळेत घालावं म्हणून वस्तीवर गेले. तिनं मला ओळखलं. चहा दिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शाळेत घालते ताई. पर राहायला धाडणार न्हाई. रातच्याला ती माझ्यापाशीच निजंल." मी म्हटलं, "बरोबर आहे बाई, तुझ्यापाशीच निजू दे." रोज सकाळी त्या मुलीला शाळेत न्यायला-आणायला वस्तीवरून गाडीची सोय करायची आहे. तोही एक कठडाच आहे. त्यासाठी प्रार्थना करा, आणि जमेल तसा हात लावा.

जो इस्राएलाला राखतो तो स्वतः डुलकीही घेत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. तो जागा आहे म्हणून त्याच्या लेकरांना निर्धास्त निजता यावं. निमोण्याच्या या वस्तीवरही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.